मैद्याच्या जागी काय घालावे: एका कपकेकचे प्रकरण

माझ्या भाचीला सिलिॲक आजार (काही धान्यांतल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे आतड्याला इजा होणारा आजार) असल्याचे निदान झाले आणि गहू, जव व राय ही तिन्ही धान्ये तिच्या आहारातून कायमची बंद झाली. रोजच्या जेवणाची घडी लवकरच बसली. अडचण आली ती व्हॅनिला कपकेकची. ते मी बरीच वर्षे एकाच कृतीने करत आले आहे आणि तिला नेमके तेच हवे होते. त्यांच्यासारखे दुसरे काहीतरी चालणार नव्हते. बहिणीने फोनवर विचारले, "ताई, मैदाच चालत नाही ना तिला? मग कणकेचे करूया का?" तिचा प्रश्न स्वाभाविक होता आणि नंतर तो मला इतरांनीही विचारला, म्हणून त्याचे उत्तर आधीच देऊन ठेवते. कणीक आणि मैदा ही दोन्ही गव्हाचीच पिठे आहेत. कणकेत कोंडा आणि अंकुर राहतो, मैद्यातून तो काढलेला असतो. पण ज्या दोन प्रथिनांपासून ग्लुटेन तयार होते ती दोन्हींत असतात आणि रव्यातही असतात. सिलिॲक असलेल्या माणसासाठी कणीक हा पर्याय नाहीच, मग ती कितीही पौष्टिक असो.

मैदा काढून त्याच्या जागी दुसरे पीठ घातले की काम झाले, असे मला सुरुवातीला वाटले होते. प्रत्यक्षात पाच खेपा लागल्या. प्रत्येक खेपेत काय बदलले, काय बिघडले आणि का बिघडले, हे इथे क्रमाने लिहीत आहे, कारण अशाच अडचणीत असलेल्या माणसाला तयार कृतीइतकाच त्यामागचा हिशेबही लागतो.

मूळ कृती आणि मैद्याचे काम

बारा कपकेकसाठी माझे प्रमाण असे होते: दीड कप मैदा, 180 ग्रॅम साखर, 115 ग्रॅम बिनमिठाचे बटर, 2 अंडी, 120 मिलिलिटर दूध, दीड चमचा बेकिंग पावडर, पाव चमचा मीठ आणि व्हॅनिला. बटर आणि साखर फेटायची, एकेक अंडे घालायचे, मग चाळलेला मैदा आणि दूध आलटून पालटून मिसळायचे, आणि 175 अंश सेल्सिअसला साधारण 20 मिनिटे भाजायचे. एवढ्या वर्षांत या कृतीने मला कधी दगा दिला नव्हता, म्हणून 'दीड कप' म्हणजे किती ग्रॅम, हा प्रश्नही कधी पडला नव्हता.

तो प्रश्न आता सोडवणे भाग होते. मी डिजिटल काटा घेतला आणि एकच कप सहा वेळा भरून पाहिला. डब्यात कप खुपसून मैदा काढला, तेव्हा वजन 143, 151 आणि 147 ग्रॅम भरले. चमच्याने सैल भरून वरून सुरी फिरवली, तेव्हा 124, 127 आणि 126 ग्रॅम. कप तोच, मैदा तोच, आणि फरक जवळपास वीस ग्रॅमचा. माझी सवय दुसऱ्या पद्धतीची असल्याने मूळ कृतीतला मैदा 190 ग्रॅम धरला. पीठ बदलताना ही नोंद फार मोलाची ठरली, कारण निरनिराळ्या पिठांचे एका कपाचे वजन एकमेकांशी जुळत नाही: बदामाची पूड कपाला शंभर ग्रॅमच्या आतच राहते, तर तांदळाचे पीठ सहज दीडशेच्या घरात जाते.

आता मैदा कपकेकमध्ये करतो काय? बटर फेटताना त्यात हवेचे बारीक बुडबुडे अडकतात. ओव्हनमध्ये बेकिंग पावडरमधून सुटलेला कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ हे दोन्ही त्या बुडबुड्यांत शिरतात आणि ते फुगतात. फुगलेले बुडबुडे फुटण्याआधी त्यांच्या भोवतालची भिंत घट्ट झाली पाहिजे, आणि ती दोन गोष्टींनी घट्ट होते: अंड्यातली प्रथिने तापून गोठतात आणि पिठातला स्टार्च पाणी शोषून फुगतो. ग्लुटेनचा वाटा इथे दुय्यम आहे. भिंत पक्की होईपर्यंत तो मिश्रणाला लवचीकपणा देतो आणि नंतर कपकेक हातात धरल्यावर चुरा होऊ देत नाही. म्हणूनच केकसाठी विकला जाणारा खास मैदा मुद्दाम कमी प्रथिनांचा, 7 ते 9 टक्क्यांच्या आसपासचा असतो, तर पावासाठीच्या पिठात हेच प्रमाण 12 ते 14 टक्के असते. ही गोष्ट लक्षात आली तेव्हा मला मोठा धीर आला. ग्लुटेनविना पाव करणे कठीण असते. कपकेकचे तसे नाही, कारण त्याची मुख्य भिंत मुळात ग्लुटेनची नसतेच.

पहिली खेप: कपाला कप तांदळाचे पीठ

हिशेब एवढा समजूनही पहिल्या खेपेत मी घाईच केली. घरात तांदळाचे पीठ होते. दीड कप मैद्याच्या जागी दीड कप तेच घातले आणि बाकी सगळे तसेच ठेवले. नंतर वजन केले तेव्हा ते 232 ग्रॅम निघाले, म्हणजे मैद्यापेक्षा 42 ग्रॅम जास्त. मिश्रण चमच्यावरून ओघळण्याऐवजी गोळ्याने पडत होते, तेव्हाच थांबायला हवे होते.

कपकेक फुगले थोडे आणि वरून तडकले. घास घेतला तर दाताखाली कचकच लागत होती, आणि कागदी कप सोलताना खालचा अर्धा भाग कागदालाच चिकटून राहिला. दुसऱ्या दिवशी ते इतके कोरडे झाले होते की नुसत्या बोटाने चुरा होत होता.

यात एकाच वेळी तीन गोष्टी झाल्या होत्या. पीठ जास्त पडल्याने पाणी कमी पडले. तांदळाच्या पिठाचे कण कडक असतात आणि पाणी सावकाश शोषतात. वीस मिनिटांच्या भाजणीत ते आतपर्यंत भिजले नाहीत, म्हणून कचकच राहिली. तिसरी गोष्ट जरा खोलातली आहे. गव्हाचा स्टार्च साधारण 60 अंशांच्या आसपास फुगू लागतो, तांदळाच्या बऱ्याच जातींत त्याला सत्तरीच्या आसपासचे तापमान लागते, आणि मिश्रणात साखर असली की दोन्हींचे हे तापमान आणखी वर सरकते. भिंत उशिरा पक्की होते, तोवर बुडबुडे फुटून जातात, आणि ग्लुटेन नसल्याने त्यांना तोवर धरून ठेवणारेही कोणी नसते.

दुसरी खेप: बदामाची पूड

आता काटा वापरायचाच असे ठरवून 190 ग्रॅम बदामाची पूड घेतली. या खेपेला मिश्रण दिसायला फार सुंदर झाले, ओव्हनमध्ये फुगलेही चांगले, आणि बाहेर काढल्यावर पाच मिनिटांत सगळे बारा मध्ये बसले. कागदी कपांवर तेलाचे डाग उमटले होते. वरचा भाग आधीच तांबूस झाला होता, आत मात्र गिच्च. टूथपिक घालून पाहिले तर ती तेलकट निघायची, त्यामुळे आत शिजले की नाही हेही तिच्यावरून कळेना.

कारण कागदावर मांडले तेव्हा चटकन दिसले. बदामात जवळपास निम्मा स्निग्धांश असतो. 190 ग्रॅम पुडीतून सुमारे 95 ग्रॅम स्निग्धांश आला. बटरमध्ये तो 80 टक्के धरला तर 115 ग्रॅम बटरमधून 92 ग्रॅम येतो. म्हणजे मी नकळत मिश्रणातली चरबी दुप्पट केली होती, आणि त्याच वेळी स्टार्च जवळपास काढूनच टाकला होता. भिंत बांधणारा गवंडी घरी पाठवायचा आणि छपरावर ओझे वाढवायचे, तसे झाले. चव मात्र या खेपेला उत्तम होती, आणि बदाम मिश्रणात थोडा तरी ठेवायचा हे तिथेच ठरले.

तिसरी खेप: कामाची वाटणी

मैद्याची सगळी कामे करणारे एक पीठ नाही, हे दोन खेपांत पुरेसे दिसले होते. म्हणून ती कामे वाटून दिली. 190 ग्रॅमची वाटणी अशी केली: 95 ग्रॅम तांदळाचे पीठ, 45 ग्रॅम कॉर्नफ्लोअर आणि 50 ग्रॅम बदामाची पूड. तांदळाच्या पिठाने अंग भरायचे, कॉर्नफ्लोअरने हलकेपणा आणायचा, आणि बदामाने ओलावा, प्रथिने व थोडा रंग द्यायचा. बदामातून येणाऱ्या 25 ग्रॅम स्निग्धांशासाठी बटर 115 वरून 90 ग्रॅमवर आणले आणि दूध 140 मिलिलिटर केले.

इथे एक खुलासा आवश्यक आहे. कॉर्नफ्लोअर म्हणजे मक्यातला निव्वळ स्टार्च, पांढराशुभ्र आणि बोटांत दाबला की करकर वाजणारा. मक्याचे पीठ ही वेगळी वस्तू आहे. ते पिवळसर, जाडसर असते आणि त्यात संपूर्ण दाणा दळलेला असतो. नावे जवळची असल्याने गोंधळ होतो आणि एकाच्या जागी दुसरे घातले तर कपकेक रवाळ होतात.

ही खेप पहिल्यांदा कपकेकसारखी दिसली. घुमट आला, मध्ये बसले नाहीत, आतली जाळीही बारीक पडली. दोन उणिवा राहिल्या. कागद सोलताना कडा भुरभुरत होत्या, आणि अगदी शेवटच्या चावण्याला थोडी कचकच जाणवत होती.

चौथी खेप: एकच मिश्रण, दोन भाजण्या

भुरभुरण्यावर उपाय म्हणून अर्धा चमचा झँथन गम कोरड्या पिठात मिसळला. केकसाठी कपभर पिठाला पाव चमचा हे नेहमीचे प्रमाण आहे, त्याच्या आसपासच हे बसते. जास्त झाला तर मिश्रण चिकट, लिबलिबीत होते. हा गम पाण्यात विरघळून मिश्रण दाट करतो, बुडबुड्यांना धरून ठेवतो आणि थंड झाल्यावर कणांना एकत्र बांधतो. तो मिळाला नाही तर इसबगोलाच्या भुशीची बारीक पूडही बांधणीचे काम करते, पण ती पाणी जास्त ओढते, त्यामुळे दुधाचा हिशेब पुन्हा करावा लागतो.

कचकच घालवण्यासाठी मिश्रण भिजत ठेवायचे होते. मात्र एका खेपेत दोन गोष्टी बदलल्या की कोणत्या बदलाने काय साधले हे कळत नाही, म्हणून एकाच भांड्यातल्या मिश्रणाचे सहा कपकेक लगेच भाजले आणि उरलेल्या मिश्रणाचे सहा 30 मिनिटांनी. माझ्या मते पाच खेपांतला सर्वांत उपयोगी निर्णय हाच होता. दोन्ही गट शेजारी शेजारी ठेवून पाहिले. कागद दोन्हींचा स्वच्छ सुटला. ते काम गमचे होते. लगेच भाजलेले उंच होते पण किंचित कचकचणारे. थांबून भाजलेले जिभेवर मऊ, पण उंचीने बोटाच्या जाडीच्या पाव हिश्शाने कमी. बेकिंग पावडर दोन टप्प्यांत काम करते, ओली झाल्यावर थोडी आणि तापल्यावर बरीचशी. पहिल्या टप्प्यातला वायू त्या अर्ध्या तासात निघून गेला होता.

पाचवी खेप: आधी भिजवणे, मग पावडर

तोडगा मग सोपा होता. भिजायचे आहे ते तांदळाचे पीठ, बेकिंग पावडर नव्हे. 95 ग्रॅम तांदळाचे पीठ 140 मिलिलिटर दुधात कालवून अर्धा तास झाकून ठेवले. तोवर बटर आणि साखर फेटून घेतली. बटर बोटाने दाबले की खड्डा पडेल इतपत मऊ होते, पण वितळलेले नव्हते. अंडी खोलीच्या तापमानाची घेतली, नाहीतर बटर गोठून मिश्रण फाटल्यासारखे दिसते. कॉर्नफ्लोअर, बदामाची पूड, गम, मीठ आणि दीड चमचा बेकिंग पावडर एकत्र चाळली. पीठ तळाशी बसते, म्हणून भिजवलेले दूध-पीठ पुन्हा ढवळले, मग ते आणि कोरडे मिश्रण आलटून पालटून घातले, आणि शेवटी सगळे मिक्सर-बीटरने आणखी एक मिनिट फेटले.

हे शेवटचे फेटणे मैद्याच्या कपकेकमध्ये मी कधीच करणार नाही. तिथे जास्त फेटले की ग्लुटेन ताणले जाते, कपकेक चिवट होतात आणि आत उभी भोके पडतात. इथे ताणायला ग्लुटेनच नाही, त्यामुळे फेटण्याचा तोटा नाही, उलट हवा वाढते आणि गम सगळीकडे सारखा पसरतो. वर्षानुवर्षांची हाताची सवय मोडून बीटर चालू ठेवणे मला जड गेले, हेही लिहून ठेवते.

प्रत्येक कागदी कपात 55 ग्रॅम मिश्रण घातले, म्हणजे कप साधारण दोनतृतीयांश भरला. 175 अंशांना 20 मिनिटांनी तपासले आणि 22 मिनिटांनी बाहेर काढले. टूथपिकवर विसंबण्याऐवजी थर्मामीटरची सुई मधोमध टोचली. 97 अंश आले, तेव्हा ओव्हन बंद केला. साच्यातून 5 मिनिटांनी काढून जाळीवर ठेवले, कारण साच्यात फार वेळ राहिले की वाफेने कागद ओला होतो. घुमट गोल होता, कापल्यावर जाळी एकसारखी होती, आणि कचकच राहिली नव्हती.

भाचीपर्यंत पोचण्याआधीची काळजी

पहिल्या चार खेपा आम्ही इतरांनीच खाल्ल्या. भाचीसाठीची पाचवी खेप मुद्दाम वेगळ्या दिवशी केली. त्या दिवशी आणि आदल्या दिवशी स्वयंपाकघरात मैदा उघडला नव्हता, कारण मैद्याची धूळ हवेत बराच वेळ तरंगते आणि ओट्यावर, भांड्यांवर बसते. चाळणी नवी आणली. जुन्या चाळणीच्या जाळीतून मैदा पूर्णपणे निघेल याची खात्री देता येत नाही. लाकडी चमचा वापरलाच नाही, त्याच्या चिरांत पीठ राहते. साचा घासून घेतला आणि वर कागदी कप होतेच.

आंतरराष्ट्रीय अन्नमानके ठरवणाऱ्या कोडेक्सने 'ग्लुटेनमुक्त' म्हणण्यासाठी किलोमागे 20 मिलिग्रॅम ही वरची मर्यादा ठेवली आहे. म्हणजे एका किलोत चिमटीच्या अंशाइतके. हा आकडा डोळ्यांसमोर ठेवला की चाळणीची काळजी अतिरेकी वाटत नाही. याच कारणाने तांदळाचे पीठही पाकिटावर ग्लुटेनमुक्त असा स्पष्ट उल्लेख असलेलेच घेतले. ज्या गिरणीत गहू दळला जातो तिथल्या तांदळाच्या पिठात गव्हाचा अंश येतोच. बेकिंग पावडरच्या डब्यावरची घटकांची यादीही वाचली, कारण तिच्यात भर म्हणून घातलेला स्टार्च बहुधा मक्याचा असतो, पण क्वचित गव्हाचाही असतो. ओट्सचे पीठ मी या कृतीत आणले नाही. ओट्समध्ये मूळचे ग्लुटेन नसले तरी शेतापासून गोदामापर्यंत ते गव्हाच्या संगतीत असतात, आणि सिलिॲक असलेल्या काही जणांना शुद्ध ओट्सही सोसत नाहीत. हा निर्णय डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय मावशीने घेण्यातला नाही. आणखी एक सवय मोडली: कच्चे मिश्रण चाखून पाहण्याची. अंड्यांमुळे आणि कच्च्या पिठामुळेही ते धोक्याचे असते, पीठ कोणत्याही धान्याचे असो.

ज्यांच्या घरी बदामाची ॲलर्जी आहे त्यांना ते 50 ग्रॅम दुसरीकडून आणावे लागतील. सूर्यफुलाच्या बियांची पूड जवळपास तशीच वागते, मात्र बेकिंग पावडरमधल्या सोड्यामुळे तिचा रंग आतून हिरवा होऊ शकतो. तो निरुपद्रवी असतो, पण लहान मुलाला आधी सांगून ठेवलेले बरे. नारळाचे पीठ वजनाला वजन घालू नये. ते इतके पाणी ओढते की मैद्याच्या चौथ्या हिश्शाइतके घेऊनही अंडी वाढवावी लागतात.

आणि ज्यांना सिलिॲक नाही, फक्त मैदा कमी करायचा आहे, त्यांनी एवढा खटाटोप करण्याचे कारण नाही. मूळ कृतीतला निम्मा मैदा काढून तेवढ्याच वजनाची चाळलेली कणीक घालावी, दूध दोन मोठे चमचे वाढवावे आणि कोंडा भिजण्यासाठी कणीकही आधी दुधात पंधरावीस मिनिटे ठेवावी. जाळी थोडी जाड येते, चव खमंग लागते.

भाचीने पहिला कपकेक कागद सोलून सरळ खाल्ला नाही; दोन्ही हातांनी मधोमध फोडून आत पाहिले. मग खाल्ला. "मावशी, हा तोच आहे," एवढेच म्हणाली आणि दुसरा उचलला. उरलेले सात त्याच संध्याकाळी हवाबंद डब्यात घालून फ्रीझरमध्ये ठेवले. तांदळाचा शिजलेला स्टार्च थंडाव्यात लवकर कडक होतो, त्यामुळे फ्रीजच्या नेहमीच्या खणात हे कपकेक बाहेर ठेवल्यापेक्षाही लवकर शिळे होतात. फ्रीझरमध्ये मात्र ते थांबून राहतात आणि तासाभरात बाहेर मऊ होतात.

पुढच्या महिन्यात बहिणीने तिच्या घरी हीच कृती केली आणि फोन आला की कडा करपल्या, आत ठीक आहे. वजने बरोबर होती, भिजवणे बरोबर होते. तिचा साचा काळा निघाला, माझा चंदेरी आहे. गडद धातू उष्णता जास्त ओढून घेतो. तिने पुढच्या वेळी ओव्हन पंधरा अंशांनी कमी ठेवला आणि कपकेक नीट झाले. कृतीचा कागद तिच्या फ्रीजच्या दारावर लावलेला आहे. त्यावर माझ्या अक्षरातला 175 हा आकडा तिने पेन्सिलने खोडला आहे आणि शेजारी 160 लिहिले आहे.